मांजर-कुत्र्यांचा उन्हाळा : पाणी, लघवी, गोचीड आणि आपण घरी देतो ती औषधे

जाई, लातूर

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचा भुऱ्या मरता मरता वाचला. वाचवले ते डॉक्टरांनी. त्या अवस्थेला तो पोहोचला तो माझ्या अज्ञानामुळे. दोन दिवस तो मला सर्व काही सांगत होता आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. उन्हाळा पुन्हा तोंडावर आला आहे, म्हणून जे घडले ते जसेच्या तसे लिहिते. मराठवाड्यात मांजरे-कुत्री पाळणारे जे कोणी हे वाचत असतील, त्यांनीही याच विषयाला धरून आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

भुऱ्या चार वर्षांचा बोका आहे. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी आले होते. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला आणि मिरजेहून रेल्वेने येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली, त्यांच्या अंगात पाणी जपण्याची सवय कायमची भिनली आहे. आमच्या घरी हंडे, पिंप, बादल्या झाकून ठेवलेल्या असत आणि भुऱ्याची स्टीलची वाटी सकाळी एकदा भरली की संध्याकाळपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नसे. पत्र्याच्या खोलीत ते पाणी दुपारी हात घालवणार नाही इतके तापत असे. त्याचे खाणे म्हणजे बारा महिने बाजारातले कोरडे दाणे.

मंगळवारी सकाळी तो वाळूच्या घमेल्यात वारंवार जाऊन बसू लागला. बसायचा, पाठ वाकवायचा, शेपटीचे टोक थरथरायचे, मग वाळू न ओढताच बाहेर यायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा आत जायचा. मधूनच मागचे पाय फाकवून स्वतःला चाटत बसायचा. मला वाटले, शौचाला खडा धरला असेल. शेजारच्या काकूंनी सांगितले म्हणून कोमट दुधात तूप घालून पाजले. बुधवारी तो न्हाणीतल्या ओल्या फरशीवर जाऊन पडून राहिला. बाहेर बेचाळीस अंशांच्या वर ऊन होते, त्यामुळे लेकरू गारव्याला गेले असे समजून मी समाधान मानले. दुपारी वाळू बदलायला घेतली आणि हात घातला, तर घमेल्याच्या तळापर्यंत सगळी वाळू कोरडी ठणठणीत होती. सोमवारी रात्री भरलेली ती वाळू होती आणि तिच्यात एकही ओले ढेकूळ नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर नुसता हात ठेवला आणि माझा हात धरून तिथे लावला. मूत्राशय मोसंबीएवढे आणि मोसंबीसारखेच टणक लागत होते. भूल देऊन बारीक नळी घातली तेव्हा जे आले ते दाट, रक्ताळ आणि बारीक रवा मिसळल्यासारखे होते. तीन दिवस नळी आणि सलाइन, रक्ताच्या दोन तपासण्या आणि मूत्रपिंडे वाचली की नाही याची वाट पाहणे, असे ते दिवस गेले. आणखी एक रात्र घरी ठेवला असता तर हृदय बंद पडले असते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आता सकाळी वाळू चाळताना मी ढेकळे मोजते. भुऱ्याची दिवसाकाठी तीन असतात. दोन झाली तर लक्ष ठेवते आणि एकही नसेल तर शाळेला रजा टाकते.

गंगाकाठ, नांदेड

ताई, वाचताना अंगावर काटा आला, कारण आमचा बोकाही वर्षभरापूर्वी असाच अचानक गेला आणि काय झाले ते आम्हाला आजपर्यंत कळले नव्हते. एक शंका विचारतो. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड आहे की हंड्याला पांढरा थर बसतो. या क्षारांमुळेच मांजरांना खडे होतात, असे पुष्कळजण सांगतात. त्यात तथ्य आहे काय?

दावण, उदगीर

मी पशुवैद्य आहे. उदगीरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि गेली अनेक वर्षे तालुक्याच्या गावी काम करतो. रोजचे काम अर्थातच देवणी गाई आणि म्हशींचे, परंतु अलीकडे पिशवीत मांजर घेऊन येणारी माणसे वाढली आहेत, याचा मला आनंद वाटतो.

जड पाण्याविषयी: पाण्यातील क्षारांपेक्षा एकूण पाणी किती पोटात जाते, हे कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे. मांजर हा मुळात कोरड्या प्रदेशातला प्राणी. त्याला तहान कमी लागते, कारण शिकारीच्या मांसातूनच त्याला बहुतेक पाणी मिळत असे. मांसात साधारण सत्तर टक्के पाणी असते. बाजारातल्या कोरड्या दाण्यांत ते जेमतेम दहा टक्के असते. म्हणजे दाणे खाणाऱ्या मांजराने उरलेले सगळे पाणी वाटीतून प्यायला हवे आणि ते तसे पीत नाही. चार किलोच्या मांजराला खाण्यातले आणि पिण्यातले मिळून दिवसाला सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी लागते. ते मिळाले नाही की लघवी दाट होते, तिच्यात बारीक स्फटिक धरतात आणि चिकट स्रावात मिसळून त्यांचा बूच तयार होतो. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी अत्यंत अरुंद असल्यामुळे तो बूच तिथेच अडकतो. मांजरीची नलिका रुंद आणि आखूड असल्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रकार क्वचित घडतो. जागा बदलणे, घरात नवे जनावर येणे, पाहुण्यांची वर्दळ, अशा ताणामुळेही मूत्राशयाला सूज येते, हे लक्षात ठेवावे.

लघवी पूर्ण तुंबली की रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि त्याने हृदयाची गती बिघडते. हा एक ते दोन दिवसांचा खेळ असतो. म्हणून बोका वारंवार बसतो आहे आणि थेंबही येत नाही असे दिसले, तर ती रात्रीच्या रात्री दवाखाना गाठण्याची वेळ समजावी. घरी पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये. तणावलेले मूत्राशय फुटू शकते. लघवी वाढवणारी औषधे किंवा काढेही देऊ नयेत, कारण वाट बंद असताना मागून पाणी वाढवल्याने फक्त दाब वाढतो.

मोसंबीबाग, जालना

मला मांजराच्या तापाविषयी लिहायचे आहे आणि हे लिहिताना हात जड होतो.

आमची मनी तीन वर्षांची होती. पावसाळ्यात तिला कणकण वाटत होती, कान गरम लागत होते, खात नव्हती. गावात पशुवैद्य त्या दिवशी शिबिराला गेले होते. एका औषध दुकानात विचारले, तर लहान मुलांना चालते ते मांजराला अर्धी गोळी चालेल, असे सांगितले गेले. मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी गुळात घालून माझ्या हाताने तिला चारली. चार-पाच तासांनी तिचे तोंड सुजले, पुढचे पंजे सुजले आणि तोंड उघडून पाहिले तेव्हा हिरड्या गुलाबी नव्हत्या. पाण्यात भिजलेल्या चहापत्तीसारखा त्यांचा रंग झाला होता. ती तोंडाने श्वास घेत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

नंतर डॉक्टरांनी सांगितले की माणसाचे यकृत ज्या विकराच्या मदतीने हे औषध निष्प्रभ करते, तो मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतोच. औषधाचे विषारी घटक रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतात आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. वेळेवर पोहोचले तर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा देता येतो. मला हे माहीत नव्हते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावे, एवढ्यासाठी लिहिले.

दावण, उदगीर

ताई, तुम्ही हे लिहिलेत, फार मोठे काम केलेत. यात भर एवढीच की कुत्र्यांच्या बाबतीत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्या तितक्याच घातक आहेत. जठराला व्रण पडतात, काळी शी होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅक दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडे संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी त्याचा वापर आपल्या देशात बंद करण्यात आला. तरी माणसांच्या गोळ्या प्रत्येक घरात असतात आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला त्या मायेने दिल्या जातात.

ताप हाताने ठरवू नये. कुत्र्या-मांजरांचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते; १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्यांचे नेहमीचे तापमान आहे.

काळी माती, परभणी

आम्ही शेतात राहतो. गोठ्यात आठ जनावरे, राखणीला दोन कुत्री आणि घरात उंदरांसाठी ठेवलेली, पण आता घरचीच झालेली दोन मांजरे. माझा अनुभव गोचिडांचा आहे आणि तो थोडा लांबलचक आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमची तांबडी नावाची कुत्री मलूल झाली. भाकरीला तोंड लावीना. दोन-तीन दिवसांनी दावणीजवळ बसली असता तिच्या एका नाकपुडीतून रक्ताची धार लागली. कोणी काठी मारली असेल, असा आमचा समज झाला. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात नेले. त्यांनी कानाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन काचेवर पसरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गोचीड ताप निघाला. रक्त गोठवणाऱ्या पेशी, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, त्या इतक्या खाली गेल्या होत्या की रक्त आपोआप वाहू लागले होते.

तिथे मला कळले की गोचीड तापही एक नसतो. एर्लिकिया नावाचा जिवाणू असेल तर डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. बबेसिया नावाचा परजीवी असेल तर तो रक्तातल्या लाल पेशीच फोडतो, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी कॉफीसारखी होते आणि त्याचे औषध निराळे आहे. म्हणून रक्त न तपासता शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेली गोळी आपल्या कुत्र्याला देण्यात अर्थ नाही. तांबडी पाचव्या दिवशी भाकर खाऊ लागली आणि माझ्या धाकट्या भावाने गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात ताप उलटला. दुसऱ्या वेळी आम्ही कॅलेंडरवर अठ्ठावीस खुणा केल्या आणि एकही चुकू दिली नाही.

आता मुख्य चूक सांगतो. गोचीड घालवण्यासाठी आम्ही गाई-बैलांवर फवारतो तेच औषध पाण्यात घालून तांबडीला चोळले आणि उरलेले पाणी गोठ्याच्या भिंतींवर मारले. मांजर तिथेच तिच्या अंगाला अंग घासून झोपायचे. रात्री त्याचे कान आणि कातडी फडफडू लागली, मग सगळे अंग थरथरू लागले आणि तोंडाला फेस आला. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन या जातीची औषधे मांजराच्या शरीरात नीट पचत नाहीत आणि थेट मज्जासंस्थेवर जातात. साबणाच्या कोमट पाण्याने त्याला धुऊन काढले, टॉवेलात गुंडाळले आणि दवाखान्यात नेले. झटके थांबवण्याचे इंजेक्शन दिल्यावर दोन दिवसांनी ते चालू लागले. तेव्हापासून कुत्र्यासाठी औषध घेताना घरात मांजर आहे, हे मी आधी सांगतो.

आणखी एक गोष्ट. गाई-म्हशींवरचे आणि कुत्र्यावरचे गोचीड बहुधा वेगळ्या जातीचे असतात. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगला की अंगावरून उतरतो, भिंत चढतो आणि दगडांच्या सांध्यांत, चौकटीच्या मागे, पत्र्याखालच्या लाकडात जाऊन बसतो. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर जे दिसतात ते थोडे आणि भिंतीत असतात ते जास्त. आम्ही गोठ्याच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, कुत्र्यांच्या बसण्याच्या जागेची पोती जाळली आणि त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे गोळी सुरू केली. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटाने चिरडू नये आणि रॉकेल तर मुळीच ओतू नये.

सेलूकर

नमस्कार. मी आजवर फक्त वाचत होतो. जाईताईंनी लिहिले आहे तसाच आमचा बोका आज सकाळपासून सात-आठ वेळा घमेल्यात जाऊन आला आहे. आत्ता रात्रीचे नऊ वाजले आहेत. एकदा ओकला. वाळू उकरून पाहिली, कोरडी आहे. तो थोडे पाणी प्यायला आहे, म्हणून सकाळपर्यंत थांबावे असे घरातील मंडळी म्हणत आहेत. काय करावे?

दावण, उदगीर

थांबू नका. तो ओकला, याचा अर्थ विष रक्तात चढू लागले आहे. परभणीत मांजरे पाहणारे डॉक्टर आहेत. त्यांना फोन करून ‘बोक्याची लघवी तुंबली आहे, सकाळपासून थेंब नाही’ एवढेच वाक्य सांगा. त्याला काही खाऊ घालू नका, म्हणजे भूल देताना अडचण येणार नाही. टोपलीत किंवा हवा खेळती असलेल्या पिशवीत घालून निघा.

जाई, लातूर

दादा, घरच्यांना माझा पहिला मजकूर वाचून दाखवा. पोहोचलात की इथे एक ओळ लिहा.

आजोळ, बीड

सर्वांचे अनुभव मनापासून वाचले. तरीही एक वेगळे मत मांडतो. माझ्या आजोबांच्या वाड्यावर कायम चार-पाच गावठी कुत्री असत. शिळी भाकर, ताक आणि सणावाराला मिळेल ते खाऊन ती दहा-बारा वर्षे जगत. लस कोणी टोचली नाही, रक्त कोणी तपासले नाही. आज एका कुत्र्यावर होणारा खर्च पाहिला की शेतकरी कुटुंबाने जनावर पाळायचेच नाही काय, असा प्रश्न पडतो. मला कोणाचे मन दुखवायचे नाही, परंतु ही निगा शहरी पगारदारांनाच परवडणारी आहे, असे वाटते.

काळी माती, परभणी

दादा, प्रश्न रास्त आहे आणि खर्चाची चणचण आम्हालाही आहे. पण आठवणीत जगलेली कुत्री राहतात, मेलेली राहत नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या कुत्रीला दर खेपेला सहा-सात पिल्ले होत आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांतले एखादे उरे. रक्ताची हगवण लागली, वास सुटला की म्हातारी माणसे म्हणत, पिल्लांवर साथ आली. ती साथ बहुधा पार्व्होची होती, हे आज कळते. तिची लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली आणि मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची. अनेकजण पहिलीनंतर थांबतात. आईच्या चिकातून आलेले संरक्षण पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ते संरक्षण नेमके कधी सरते हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू गेले तिथल्या मातीत तो विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो. लगेच दुसरे पिल्लू तिथे आणू नये.

खर्चाचे म्हणाल, तर तांबडीच्या दोन वेळच्या तापाला जे पैसे गेले, त्यात दोन्ही कुत्र्यांच्या कित्येक वर्षांच्या लसी झाल्या असत्या.

भाकरीविषयी मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. ज्वारीची भाकर कुत्र्याला पचते. तिच्यासोबत रोज एखादे उकडलेले अंडे किंवा थोडे मांस हवे. फोडणीची आमटी, कांदा, लसूण घातलेले कालवण देऊ नये. कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षेही नकोत. मांजराचे तसे नाही. ते पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक ते स्वतःच्या अंगात पुरेसा तयार करू शकत नाही आणि तो फक्त मांस-मासळीतून मिळतो. दूध-भाकरीवर वाढवलेल्या मांजराची दृष्टी जाते, हृदय ताणले जाते. उंदीर खाणारे शेतावरचे मांजर आपली सोय करून घेते. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला तो मार्ग नाही.

ओवी, अंबाजोगाई

मी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आजोबांच्या काळी कुत्र्यांना लस कोणी टोचत नसे, याच मुद्द्यावर मला लिहायचे आहे, कारण त्या न टोचलेल्या लसीचा शेवट आमच्या टेबलासमोर येतो.

कुत्रा किंवा मांजर चावल्यावर आमच्याकडे येणाऱ्या माणसांच्या जखमेत आजही लाल तिखट, चुना, हळद, तंबाखू भरलेली असते. गेल्या महिन्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोटरीवर चार दातांच्या खुणा, त्यावर तिखट थापलेले आणि वरून फडके गच्च बांधलेले. ते पोर रडून रडून निपचित झाले होते. चावले होते घरचेच तीन महिन्यांचे पिल्लू, ज्याला लस दिलेली नव्हती. आम्ही ते फडके सोडले आणि नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे घड्याळ लावून जखम धुतली. औषधाआधी हे धुणेच जीव वाचवते, कारण विषाणू अजून जखमेत असतो. तिखटाने तो मरत नाही. उलट चोळण्याने खोल जातो.

नंतर लस. दंडात घ्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. दोन सुया घेऊन बरे वाटते म्हणून तिसरी चुकवणारी माणसे मी पाहिली आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकाच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली कुत्रा चावलेल्या मुलाला रेबीजची पहिली लस दिली, म्हणजे हा मार्ग आपल्या आजोबांच्याही आधीपासून उपलब्ध आहे. पाळीव कुत्र्याला आणि मांजरालाही तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, वर्षाने पुन्हा आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनी ठिकठिकाणी मोफत शिबिरे होतात. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या आठवड्यात चौकशी करावी.

मांजर ओरबाडले, चावले तर त्याला काय होते, असे समजणारे पुष्कळ आहेत. मांजरापासूनही रेबीज होतो.

आजोळ, बीड

ताई, पटले. माझ्या धाकट्या चुलत्यांच्या बाबतीत असेच काही घडल्याचे घरात दबक्या आवाजात बोलले जाते. शेतातल्या तिन्ही कुत्र्यांना या आठवड्यात लस देतो.

पत्र्याचे घर, छत्रपती संभाजीनगर

उन्हाविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे पग जातीचा कुत्रा आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आपल्याकडचा एप्रिल-मे किती जड जातो, हे आणताना आम्हाला कोणी सांगितले नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग गार करते. ज्याचे नाक आणि घसा मुळातच अरुंद, त्याला तेही नीट जमत नाही. एकदा लग्नाहून परतायला आम्हाला दुपारचे तीन वाजले. दार उघडले तेव्हा तो मोरीच्या तोंडाशी आडवा पडलेला होता. जीभ गडद लाल, लाळ दोरीसारखी चिकट, हाक मारली तर डोळे वळत नव्हते. ताप १०६ च्या वर होता.

डॉक्टरांनी फोनवर सांगितले तसे केले. पंख्याखाली ठेवून पोट, काखा, जांघा आणि पंजे नळाच्या साध्या पाण्याने भिजवत राहिलो. बर्फ लावू नये, असे त्यांनी बजावले, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. ओला टॉवेल वर पांघरूनही ठेवू नये. तो लगेच तापतो. ताप १०३ वर आला की भिजवणे थांबवायचे, नाहीतर अंग फार गार पडते. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतायचे नाही. तो सावरला असे वाटले, तरी आम्ही दवाखान्यात नेले आणि ते बरे केले, कारण दुसऱ्या दिवशी रक्ताची शी झाली. आतल्या अवयवांना बसलेला चटका उशिरा दिसतो.

आता पत्र्यावर ज्वारीचा कडबा अंथरला आहे, खिडकीला ओले गोणपाट लावतो आणि त्याचे फिरणे पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून पाच-सात सेकंद सोसवत नसेल, तर त्याला डांबरावर नेत नाही. ज्यांना हस्की किंवा तसली दाट केसांची, थंड प्रदेशातली कुत्री आणायची हौस आहे, त्यांनी आपल्या घराचे छत आधी पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

सेलूकर

लिहायला दोन दिवस उशीर झाला, क्षमस्व. त्या रात्री साडेदहाला मेहुण्याची गाडी घेऊन निघालो. डॉक्टर फोनवर बोलून दवाखाना उघडून बसले होते. नळी घातली. लघवीत रक्त आहे, परंतु मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे फारसे वाढलेले नाहीत. आज दुपारी नळी काढली आणि चार वाजता त्याने स्वतः लघवी केली. दवाखान्यातला मदतनीस आणि मी दोघेही त्या ट्रेकडे पाहत उभे होतो.

परत घरी आणल्यावर पाणी कसे पाजावे? त्याला वाटीतले पाणी आवडतच नाही. तो नळाचे थेंब चाटतो.

जाई, लातूर

दादा, तुमची ओळ वाचून मला रडू आले.

भुऱ्याचेही तसेच होते. मी कुंभाराकडून पसरट मातीची दोन परळे आणली. एक न्हाणीजवळ आणि एक खिडकीत ठेवते. पाणी खाण्याच्या ताटलीजवळ ठेवू नका आणि घमेल्याजवळ तर नकोच. मांजराला ते आवडत नाही. परळ काठोकाठ भरा, म्हणजे मिशा टेकत नाहीत. मातीत पाणी गार राहते आणि दुपारी एकदा बदलले की पुरते. कोरडे दाणे अजून देत असाल तर निम्मे करा आणि चिकन मीठ, हळद, कांदा न घालता उकडून त्याच्या पाण्यासकट द्या. भुऱ्याला मी दोन वेळा मिळून साधारण एक कपभर ते पाणी पाजते आणि त्याला ते दुधापेक्षा आवडते. उकडलेले चिकन हा पूर्ण आहार नाही, म्हणून टॉरिनचे प्रमाण आणि पथ्याचे खाणे डॉक्टरांना विचारून ठरवा. पहिले दोन आठवडे पुन्हा तुंबण्याची भीती सर्वांत जास्त असते. त्या दिवसांत त्याला बाहेर सोडू नका, म्हणजे वाळू पाहता येईल.

आणि घमेल्यात वाळू थोडीच घाला, चार बोटे. जास्त घातली की ढेकूळ तळाशी जाते आणि सकाळी घाईत दिसत नाही.

सेलूकर

चार बोटे वाळू घातली आहे. आत्ता पहाटे एक ढेकूळ सापडले, मुठीएवढे.